उभी पट्टी

हाजी सोबांदीचं ओढ्याकाठचं खाचर पिवळं पडायला लागलं, तेव्हा ओनाच्या घरातलं तांदळाचं मडकं तळाला गेलं होतं. हात घातला की नखं खापराला लागायची. मूठभर तांदळात ती साबुकंदाचा कीस मिसळायची, वर खारवलेल्या माशाचा तुकडा, मिरचीचा ठेचा आणि परसातला कच्चा पाला. नवरा अदमा मुकाट्यानं जेवायचा. लेक इमास मात्र बोटानं कीस बाजूला सारून आधी भाताची शितं वेचून खायची. तिला सातवा महिना होता. तिचा नवरा बांडुंगला सायकलरिक्षा चालवायचा आणि ती बाळंतपणाला आईकडे चिहाउरला आली होती.

"पोटातल्याला काय कळतंय, भात कोणता आणि कंद कोणता," अदमा म्हणायचा.

"त्याला नसेल कळत. मला कळतं," इमास म्हणायची.

सुगीआधीचे हे पंधरा-वीस दिवस दरवर्षी असेच जात, त्यामुळे ओनाला त्याची धास्ती नव्हती. चार महिन्यांपूर्वी बारा जणींनी ते खाचर लावलं होतं. लावणीची मजुरी कोणी मागायची नसते. जिनं जी पट्टी लावली, निंदली, ती पट्टी सुगीत तिनंच कापायची आणि पाचांतला एक भारा आपल्या घरी न्यायचा. ओनाच्या आईनं याच खाचरात अशीच पट्टी धरली होती. तिच्या शेजारच्या पट्टीत तेव्हाही कार्सी होती आणि आताही कार्सीच होती. कार्सीचं वय सत्तरीच्या पुढं. सगळा गाव तिला निनी म्हणायचा, म्हणजे आजी.

ओना घराखालच्या तळ्यात पाला धूत होती. तळ्यातले मासे तिच्या घोट्यांना तोंड लावत होते. शेजारची तिती बांबूच्या पुलावरून घाईघाईनं आली आणि काठावरच उकिडवी बसली.

"हाजीनं खाचर विकलं," ती म्हणाली.

"जमीन?"

"जमीन नाही गं. उभं पीक. त्या व्यापाऱ्याला, एंगकोसला. तो पलीकडच्या गावाहून गडी आणणार, विळे घेऊन. दोन दिवसांत कापून, झोडपून, पोती भरून जाणार."

ओनानं पाला पिळला. पुन्हा पाण्यात बुडवला, पुन्हा पिळला.

"आणि आपण?"

"आपण बघायचं."

त्याच दुपारी बाराही जणी हाजीच्या ओसरीखाली जाऊन बसल्या. हाजी सोबांदी वाईट माणूस नव्हता. लावणीच्या वेळी बांधावर उभा राहून तो स्वतःच्या हातानं चहा ओतायचा. आताही त्यानं आधी चहा मागवला. मग आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत तो बोलू लागला.

"मागच्या सुगीला तुम्ही बारा," तो म्हणाला, "आणि तुमच्यामागं साठ जणी आल्या. भाच्या, सुना, वरच्या वाडीच्या बाया. मी कोणाला नाही म्हणू? निम्मं पीक पायाखाली गेलं. हे नवं भात, हात लागला की झडतं. आता माझ्यानं बांधावर उभं राहून सांभाळणं होत नाही."

"मग आम्ही बाराच येऊ," ओना म्हणाली. "तेरावी आली तर मी परत पाठवते."

"आता शब्द दिलाय." हाजीनं कपाची कड अंगठ्यानं पुसली. "सरवा मात्र तुमचाच. खाली पडलेली एक लोंबीही एंगकोस नेणार नाही, मी बजावलंय त्याला."

"सरवा आमच्या कोंबड्याही वेचतात, हाजीसाहेब."

कोणीतरी मागं हसलं. चहा तसाच ठेवून सगळ्या उठल्या. निनी कार्सीनं मात्र आपला चहा संपवला, कप पालथा घातला, आणि मगच गुडघ्यांवर हात टेकून उठली.

संध्याकाळी झऱ्याच्या पन्हळीवर, कपडे धुताना, ठरलं. कोणी सरवा वेचायला जायचं नाही. कापणीच्या दिवशी प्रत्येकीनं आपलं पातं घेऊन आपल्या पट्टीत उभं राहायचं. बघू कोण अंगावर विळा चालवतो. हे बोलणं ओनाचंच होतं. बोलताना तिचा आवाज चढला होता, हातातलं लुगडं ती दगडावर जरा जास्तच जोरानं आपटत होती.

पातं म्हणजे लाकडाच्या तळहाताएवढ्या तुकड्यात बसवलेली बोटभर धार. ते मुठीत लपवून एकेक लोंबी खुडायची. न्यी श्री, म्हणजे भाताची देवी, लाजाळू आणि भित्री. तिला धार दिसता कामा नये. निनी कार्सी आजही खाचरात उतरताना पातं पदराखाली घ्यायची आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची. हाजीचं त्यावर म्हणणं असं की अल्लाचं नाव घेतलं की पुरे. निनी म्हणायची, मी तेही घेते.

घरी आल्यावर ओनानं अदमाला सगळं सांगितलं. अदमा पायरीवर बसून विळ्याला धार लावत होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी माडाचा रस काढायला चढलेला असताना तो खाली पडला. कमरेचं हाड बसलं ते वाकडंच. तेव्हापासून त्याची गुळाची भट्टी बंद होती. तो हाजीच्या मेंढ्यांसाठी गवत कापायचा. उभ्यानं वाकणं जमत नव्हतं, म्हणून बांधावर बसून सरकत सरकत कापायचा. पाठीमागून बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी बांध खरवडतंय.

"उभ्या राहाल," तो म्हणाला. "मग?"

"मग काय. ते मागं हटतील."

"हटणार नाहीत. तुमच्या दोन्ही बाजूंनी कापत जातील. एक पट्टी पात्यानं खुडायला तुला दोन दिवस लागतात. विळ्याला घटका." त्यानं अंगठ्यावर धार पाहिली. "आणि हे भात पात्याचं राहिलंच नाही, ओना. गुडघ्याएवढं. लोंबी वाकून खुडायची म्हणजे दिवसभर कंबरेत मोडायचं. तूच मागच्या वर्षी रात्री कण्हत होतीस."

"मग पुरुषांनी कापावं, असं म्हणा."

"असं कुठं म्हटलं मी. विळा कापतो. धरणारा कोण हे विळ्याला काय ठाऊक." त्यानं विळा तिच्याकडे मुठीकडून पुढं केला.

ओनानं तो घेतला नाही. ती आत गेली, चुलीत फुंकर घालत बसली. इमास भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. तिच्या पायांवर सूज होती.

"आई, बाळंतीण झाल्यावर चाळीस दिवस मला कंदच देणार का?" तिनं विचारलं. कुरकुर नव्हती त्यात. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ओना नवऱ्याच्या मागोमाग बांधावर गेली. गवतावर दव होतं. अदमा बसला, ती शेजारी वाकून उभी राहिली. डाव्या हातात झुबका धरायचा, अंगठा वर, बोटं विळ्यापासून लांब. विळा आपल्याकडे ओढायचा, हाणायचा नाही. तीस वर्षं तिच्या उजव्या हाताला फक्त मूठ वळवायची सवय होती. अंगठ्याच्या पेरावर पात्यानं घट्टा पडलेला. विळ्याची मूठ त्या घट्ट्यावर बसेचना. दहाव्या झुबक्याला तिनं करंगळी कापून घेतली.

अदमानं पाला चावून जखमेवर दाबला. "मलाही याच बोटाला लागलं होतं," तो म्हणाला. "आठ वर्षांचा होतो."

"मी पन्नाशीला आले."

"मग लवकर शिकशील. लहानपणी घाई नसते."

ती हसली. पुष्कळ दिवसांनी ती त्याच्यासमोर हसली होती. चौथ्या दिवशी तिचा झुबका सरळ पडायला लागला. पाचव्या दिवशी ती त्याच्यापुढं निघून गेली आणि मागं वळून बघते तर तो थांबून तिच्याकडे बघत होता. हाजीच्या मेंढ्यांना त्या आठवड्यात दुप्पट गवत मिळालं.

मग ती पन्हळीवर गेली आणि बायांना म्हणाली, "आपण विळ्यानं कापू या."

कपडे आपटण्याचा आवाज थांबला.

"त्याच्या गड्यांच्या आधी आपण उतरायचं. कापायचं, झोडपायचं, सगळं. खाचर आपण लावलंय, कापायची पद्धत बदलली म्हणून हक्क कसा बदलेल? मी शिकलेय. आठ दिवसांत तुम्हालाही येईल."

"म्हणजे मागच्या आठवड्यात तूच म्हणालीस, विळ्यासमोर उभं राहायचं," तिती म्हणाली, "आणि आज विळा धरायचा?"

"हो. मी तेव्हा चुकले."

निनी कार्सी पन्हळीखाली पाय धूत होती. तिनं पाणी पायांवरून निथळू दिलं, मग सावकाश म्हणाली, "तुझ्या आईनं मला पातं धरायला शिकवलं. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी होती. ती असती तर तुझ्या तोंडात मारली असती."

"मारली असती," ओना म्हणाली. "आणि मग विचारलं असतं, घरात तांदूळ किती आहे."

"मी श्रीच्या गळ्याला विळा लावणार नाही. तुम्हाला लावायचा तर लावा." निनीनं ओलं फडकं खांद्यावर टाकलं आणि ती निघून गेली. तिच्यामागून पाच जणी उठल्या. ओना आणि तिती धरून सहा जणी उरल्या; त्यांतल्या दोघी, कोण बोलतं ते आधी पाहावं म्हणून.

पुढचे दिवस गावच्या बांधांवर हसण्याला ऊत आला होता. सहा बाया ओळीनं वाकून गवत कापतायत, आणि अदमा मागं बसून, "तिती, कोपर. तिती, तुझं कोपर," असं ओरडतोय. शाळेतून परतणारी पोरं थांबून बघायची. चहाच्या टपरीवरले बाप्ये म्हणायचे, अदमाला सहा मेंढ्या मिळाल्या. तितीनं एकाला सांगितलं, मेंढ्यांना शिंगंही असतात, जवळ येऊन बघ. मग ते हसणं जरा लांबूनच चाललं.

एंगकोस त्याच टपरीवर भेटला. बारीक मिशीचा, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस, बोलायला गोड. हाजीही तिथंच बाकावर होता.

"काकी, तुमचा राग मला कळतो," एंगकोस म्हणाला. "पण माझं काम घड्याळावर चालतं. ढग बघा. रोज दुपारी डोंगरावर येतायत."

"म्हणूनच म्हणते. तुमचे गडी किती?"

"बारा."

"सात," ओना म्हणाली. "पाच जण वरच्या वाडीला गेले. सगळीकडे एकाच वेळी पिकलंय. आम्ही सहा आहोत. कापू आणि झोडपू."

एंगकोस हसला. हाजीकडे बघितलं. हाजी बशीतल्या चहावर फुंकर घालत होता.

"हिस्सा आठातला एक," एंगकोस म्हणाला. "माझ्या गड्यांनाही तोच आहे. आणि माझ्या हाताखाली. मी सांगेन तिथं कापायचं."

"आमचा पाचातला आहे."

"तो हाजीसाहेबांशी होता. माझ्याशी काही नव्हता."

ओनानं हाजीकडे बघितलं. तो काही बोलेल म्हणून ती थांबली. बाकाखाली एक कोंबडी दाणे टिपत होती. हाजी कोंबडीकडे बघत होता.

"आठातला," ती म्हणाली.

कापणीच्या दिवशी मशिदीतला पहाटेचा नगारा वाजला आणि सहाही जणी बाहेर पडल्या. लांब बाह्या, डोक्याला फडकं, त्यावर बांबूची टोपी, कमरेला विळा. दवानं बांध निसरडे झाले होते. पलीकडचे गडी आधीच येऊन बसले होते. त्यांनी बायांना वरचा तुकडा दिला, जिथं भात आडवं झालं होतं आणि चिखल सुकला नव्हता. सहाही जणी चिखलात उतरल्या.

विळ्याचा एक ठेका असतो. झुबका, ओढ, टाक. झुबका, ओढ, टाक. सूर्य माडांच्या वर येईपर्यंत ओनाच्या पाठीवरून घाम वाहत होता. भाताची कूस मानेत, कोपरांच्या लवणीत शिरून खाजत होती. मागं तिघी भारे उचलून बांबूच्या माच्यावर झोडपत होत्या. ते काम खरं अवघड. भारा डोक्यावरून घ्यायचा आणि खाली आणायचा; दाणे तडतडत चटईवर. तितीच्या चार फटक्यांत जे झडायचं ते गड्याच्या दोन फटक्यांत झडायचं.

"मावशी, भात आहे, बाळ नाही. जरा जोरात," एक गडी म्हणाला.

"तू येऊन शिकव," तिती म्हणाली, "मग तुला बाळासारखं कसं झोडपतात ते दाखवते."

गडी खरंच आला. भारा कुठं धरायचा, मनगट कधी सोडायचं ते त्यानं दाखवलं. तितीनं त्याला मारलं नाही. तो परत जाताना ती म्हणाली, "आई जिवंत आहे का तुझी?" "आहे." "तिला विळा शिकव."

दुपारी एंगकोसनं केळीच्या पानात बांधलेला भात आणवला. सात पानं होती. बाया बांधाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि आपापले उकडलेले कंद सोलून खाल्ले. वाऱ्यावर गड्यांच्या भाताचा वास येत होता. ओनानं तोंड फिरवलं आणि पाणी जास्त प्यायली.

जेवण आटोपून सगळे खालच्या पट्ट्यांकडे वळले, तेव्हा त्यांना निनी कार्सी दिसली.

ती आपल्या पट्टीत उभी होती. केव्हा आली, कोणाला कळलं नाही. पदराखालून पातं काढलेलं दिसत नव्हतं. फक्त मूठ हलायची, लोंबी खुडली जायची, आणि डाव्या हातातल्या जुडीत जायची. एक लोंबी, मग दुसरी. तिची हनुवटी जवळजवळ लोंब्यांना टेकली होती. तिच्या मागं हातभर जागा तेवढी रिकामी झाली होती.

गडी दोन्ही बाजूंनी कापत आले आणि पट्टीच्या काठाशी थांबले. पलीकडं, अलीकडं सगळी धसकटं. मधोमध आठ हात रुंदीचं उभं भात, त्यात म्हातारी. एक गडी विळा खाली करून उकिडवा बसला. "माझ्या आजीसारखी आहे," तो कोणाला उद्देशून न बोलता म्हणाला.

डोंगरावर ढग काळे झाले होते. एंगकोस बांधावरून आला. त्याचा सदरा आता पांढरा राहिला नव्हता. तो ओनापाशी आला.

"काकी, तिला बाहेर काढा."

"मी?"

"माझा माणूस हात लावेल तर गावभर बोंब होईल. तुमची बाई आहे. घटकाभरात पाऊस येईल. ही पट्टी राहिली, भिजली, झडली, तर तो तोटा मी तुमच्या हिश्श्यातून कापणार. सहाही जणींच्या."

ओना उभी राहिली. विळ्याची मूठ घामानं घसरत होती, म्हणून तिनं ती लुगड्याला पुसली. तिती तिच्याकडे बघत होती. दूर बांधावर अदमा काठी टेकून उभा होता. तोही बघत होता. ओनाच्या मनात आलं, विळा टाकावा आणि निनीशेजारी उभं राहावं. मग मनात आलं मडकं. आणि इमासचे सुजलेले पाय.

ती पट्टीत शिरली. भात बाजूला सारत निनीपर्यंत गेली. निनीनं खुडणं थांबवलं नाही.

"निनी."

लोंबी. जुडीत.

"निनी, पाऊस येतोय. तुमच्यानं आज होणार नाही. उद्याही होणार नाही."

"ठाऊक आहे मला." निनीचा श्वास आखूड येत होता. "चार महिन्यांपूर्वी लावलं तेव्हाच ठाऊक होतं. गुडघे सांगतात."

"मग?"

"मग काय. मी लावलंय." तिनं आणखी एक लोंबी खुडली आणि ती तशीच हातात धरून राहिली. "त्यांनी तुला पाठवलं."

"हो."

"नाही गेले तर?"

"तर आमचा हिस्सा जाईल. सहाही जणींचा." ओनानं हे लपवलं नाही. लपवावं असं तिला क्षणभर वाटलं होतं. "इमासला सातवा लागलाय."

निनीनं पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. मग तिच्या हातातल्या विळ्याकडे. विळ्याला चिखल आणि भाताचं बारीक पातेरं चिकटलं होतं. दूर गडगडलं.

"ते गडी नकोत," निनी म्हणाली. "तू काप."

"निनी..."

"कापायचंच आहे तर तू काप. माझ्या शेजारच्या पट्टीत वाढलीस तू. फक्त मी बघणार नाही."

तिनं जुडी काखेत घेतली आणि हळूच पाठ फिरवली. डोंगराकडे तोंड करून ती उभी राहिली. ओठ हलत होते. ओना वाकली. पहिला झुबका धरला. नीट धरला गेला नाही, पुन्हा धरला. ओढला. मग ठेका आला, आणि ठेका आल्यावर हात थांबले नाहीत. तिती दुसऱ्या बाजूनं आली, तिच्यामागून बाकीच्या. गडी बांधावर बसून राहिले. निनीच्या पायांभोवती हातभर भात उरलं, तेव्हा ओना थांबली.

"निनी, आता पाऊल उचला."

निनीनं न बघता एक पाऊल टाकलं, मग दुसरं. धसकटांतून वाट काढत, जुडी काखेत धरून, ती बांधावर चढली. अदमानं तिला हात द्यायला काठी पुढं केली. तिनं काठी धरली नाही. पावसाचे थेंब पडायला लागले तेव्हा ती आपल्या घराच्या वळणाशी पोचली होती.

मोजणी झाली. ओनाच्या वाट्याला दोन पोती आली. पाचातला हिस्सा असता तर तीनांहून वर झालं असतं. एक पोतं तिनं आणि तितीनं मिळून निनी कार्सीच्या दारात नेलं. दार लोटलेलं होतं. आत चूल पेटल्याचा धूर होता, म्हणजे निनी घरात होती. ओनानं हाक मारली. उत्तर आलं नाही. पोतं पायरीशी ठेवून दोघी परतल्या.

"निम्मं दिलंस," इमास म्हणाली.

"हो."

"ती घेणार नाही."

"नाही घेतलं तर नाही."

दोन दिवस पोतं तिथंच होतं. निनीच्या कोंबड्यांनी एका कोपऱ्याला भोक पाडलं आणि दाणे पायरीवर सांडले. येता-जाता सगळा गाव बघत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ओना पन्हळीवर निघाली तर पायरी झाडून लख्ख केलेली होती आणि पोतं नव्हतं. ओनानं त्याबद्दल कोणाला काही विचारलं नाही. पण निनी तिच्याशी बोलली नाही. पन्हळीवर ओना आली की ती आपली घागर भरून निघायची, घागर अर्धी असली तरी.

इमासला मुलगी झाली. चाळीस दिवस तिनं भात खाल्ला, पांढरा, कीस न घातलेला. पुढं पुढं ओना आणि अदमा पुन्हा कंद मिसळून खायला लागले, पण इमासच्या ताटात नाही.

लावणीचे दिवस आले तसा हाजी सोबांदी स्वतः ओनाच्या घरी आला. असं आधी कधी झालं नव्हतं. अदमानं त्याला चटई टाकून दिली. हाजीनं बाळ बघितलं, त्याच्या कपाळावर बोट टेकवून दुवा दिली, बराच वेळ पावसाबद्दल बोलला.

"रोपं तयार आहेत," मग तो म्हणाला. "परवा उतरा."

"कापायचं कोणी?" ओनानं विचारलं.

"ते सुगीला बघू की."

"आता बघू या, हाजीसाहेब. नाहीतर लावणीची मजुरी द्या, रोजच्या रोज. मग सुगीला तुम्ही कोणालाही विका."

हाजी हसला, पण ओना हसली नाही. तो अदमाकडे वळला. अदमा विळ्याला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही. हाजीला ते लागलं असावं.

"बाकीच्या वाड्यांतल्या बाया मिळतील मला," तो म्हणाला.

"मिळतील. त्यांनाही विळा येतो आता. त्याही हेच विचारतील."

हे खरं होतं. तिती गेला महिनाभर विळा शिकवत वाड्या-वाड्यांतून माहेरवाशिणीसारखी हिंडत होती.

हाजीनं चहा संपवला. "मी एंगकोसला पुन्हा शब्द दिलेला नाही," तो शेवटी म्हणाला. "बाराच जणी. आणि सहातला एक. पाचातला आता मला परवडत नाही, ओना, खतच केवढ्याला पडतंय."

"सहातला," ओना म्हणाली. "आणि बारा जणी आम्ही ठरवू त्या. निनी कार्सी धरून."

"ती विळा धरत नाही."

"ती लावेल. तिची पट्टी मी कापेन."

"तिनं सांगितलंय असं?"

निनीनं काहीच सांगितलेलं नव्हतं. सहा महिन्यांत तिनं ओनाशी एक शब्द उच्चारला नव्हता.

ठरल्या दिवशी सकाळी अकरा जणी, निनीमागून उठून गेलेल्या पाचही त्यांत, रोपांच्या जुड्या घेऊन खाचरात उतरल्या. पाणी पोटऱ्यांपर्यंत, गार. वर आभाळ भरलेलं. बाराव्या पट्टीची जागा ओनाच्या शेजारी रिकामी सोडली होती. ऊन असतं तर सूर्य हातभर वर आला असता, इतका वेळ गेला. तिती म्हणाली, "धरून टाकू या ती पट्टी, ओना. नाही यायची ती." ओना म्हणाली, "जरा थांब." आणि वाकून आपली ओळ पुढं नेऊ लागली. पण लक्ष वाटेकडं होतं.

बांधावर आधी निनीची काठी दिसली. मग निनी. तिनं काठी बांधात रोवली, लुगडं वर खोचलं, आणि एक हात बांधावर टेकून सावकाश चिखलात उतरली. कोणाकडे बघितलं नाही. रोपांची जुडी उचलली, डाव्या हातावर सोडली आणि वाकली. तीन रोपं, चिखलात बोटभर; तीन रोपं, चिखलात बोटभर. अकरा जणींनी पुन्हा माना खाली घातल्या.

दोघींच्या ओळी शेजारी शेजारी मागं सरकत राहिल्या. ओनाला तिचा आखूड श्वास ऐकू येत होता. काहीतरी बोलावं, पोतं, इमास, बाळ, काहीतरी, असं तिच्या मनात येत होतं. तिनं रोपं रोवली, आणखी रोवली.

"ओळ वाकडी गेलीय तुझी," निनी कार्सी म्हणाली.

ओनानं मागं बघितलं. खरंच वाकडी गेली होती, दहा-बारा रोपांपासून.

"वाटेकडं बघत लावलं की असं होतं," निनी म्हणाली. तिची बोटं चिखलात चाललीच होती. "उपट. पुन्हा लाव."

ओना परत गेली आणि वाकडी रोपं एकेक करून उपटायला लागली.